फ्लॅग बघितला का?

मंडळी, आयटीत काम करणाऱ्या माणसाला आपल्या मंडळाच्या गणपतीत एक जादाचा प्रसाद मिळतो. आरती आटोपून मोदकाच्या रांगेत उभं राहावं, तर मागून खांद्यावर हात पडतो. "अहो, तुम्ही कॉम्प्युटरमधलेच ना? आमचा प्रिंटर आहे ना..." पुढचं वाक्य मी ऐकत नाही, ते मला पाठ आहे. डॉक्टर मंडळींना लोक गुडघे दाखवतात, वकिलांना व्हिसाचे कागद दाखवतात आणि आम्हाला प्रिंटर. माझी काही तक्रार नाही. निम्मे प्रिंटर बंद करून चालू केले की सुरू होतात, आणि वर बाकरवडीचा पुडा मिळतो. त्यामुळे मंडळात माझ्याबद्दल बऱ्यापैकी चांगलं मत आहे. या लेखानंतर ते टिकेल की नाही, सांगता येत नाही. कारण ही गोष्ट माझ्या स्वतःच्या वडिलांच्या लॅपटॉपची आहे, आणि तो दुरुस्त करायला मला चार महिने लागले.

आधी बाबांविषयी सांगायला हवं. बाबा कराडला असतात. वय सत्त्याहत्तर. आयुष्यभर वीज मंडळात सबस्टेशन ऑपरेटर होते. २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्या, पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले, पण त्यांच्या तोंडी अजून 'बोर्ड'च आहे. मी लहान असताना शाळा सुटली की डबा घेऊन सबस्टेशनवर जायचो. ट्रान्सफॉर्मरची ती अखंड घरघर, आवारातली खडी, आणि कंट्रोल रूममध्ये टेबलावर उघडी पडलेली भली मोठी लॉगशीट. दर तासाला बाबा उठायचे, पॅनेलवरचे काटे बघायचे आणि आकडे लिहायचे. व्होल्टेज, अँपिअर, तेलाचं तापमान. रात्रपाळी असो, लग्नसराई असो, तासाचं रीडिंग चुकायचं नाही. मी इंग्लंडला एम.एस्सी. केलं, नोकरीला लागलो आणि पुढे रेडिंगला घर घेतलं, तेव्हा गावाच्या नावाचं स्पेलिंग वाचून ते म्हणाले होते, "अरे वा, म्हणजे दर तासाला घ्यायचं ते?" उच्चार रेडिंग आहे हे मी त्यांना दहा वेळा सांगितलं. ते अजून रीडिंगच म्हणतात.

त्या कंट्रोल रूममधली एक गोष्ट माझ्या मनात घट्ट बसलेली आहे. कुठे फांदी पडली, तार तुटली की फीडर ट्रिप व्हायचा. धाडकन आवाज, मग घंटा. पॅनेलवरच्या रिलेच्या काचेआड एक छोटासा रंगीत फ्लॅग पडलेला दिसायचा. तोच दोष कसला ते सांगायचा, जास्त करंटचा की जमिनीत करंट गेल्याचा. एकदा एका नव्या पोराने घाईघाईत फ्लॅग न बघताच तो रिसेट केला आणि फीडर चढवला. तो पुन्हा पडला. बाबांचा आवाज तेव्हा मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "फ्लॅग बघितला का? लिहून घेतलास का? नाही ना? मग आता लाइनमनने अख्खी लाइन चालत शोधायची का?"

ही गोष्ट ध्यानात ठेवा. मी विसरलो होतो.

आई मार्च २०२३ मध्ये गेली. तिच्या कपाटातून अकरा अल्बम निघाले. शिवाय प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून सुटे फोटो, पाकिटांतून निगेटिव्ह. आणि एक कॅसेट. मी २००३ मध्ये लीड्सला शिकायला गेलो, तेव्हा आईने तिच्या आवाजात स्वयंपाकाच्या कृती भरून पाठवलेली. सुरुवात अशी: "हे बघ, आधी गॅस बारीक कर." गॅसवर काय ठेवायचं ते तीन मिनिटांनी येतं. दोन खेपांत मी हे सगळं रेडिंगला आणलं आणि दोन हिवाळे बसून स्कॅन केलं. फोटो अकराशे झाले. हौसेला मोल नसतं म्हणतात, तसं मी एकेक फोटो १२०० डीपीआयला, टिफ स्वरूपात घेतला. सरासरी एका फोटोची फाइल ६० एमबी. पिढ्यान्पिढ्या टिकलं पाहिजे, हा विचार.

बाबांना यात रस वाटला तो वेगळ्याच कारणाने. "नावं लिहून ठेवतो," ते म्हणाले. "हे कोण कोण आहेत ते आता मला आणि आक्कालाच माहीत. आमच्यामागे तुम्हाला नुसत्या टोप्या आणि नऊवाऱ्या दिसतील." आक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण, माझी आत्या. सांगलीला असते, वय शहाऐंशी. बाबांची पद्धत ठरली. फोटो पेंटमध्ये उघडायचा, प्रत्येकाच्या डोक्यावर आकडा टाकायचा, वेगळ्या नावाने साठवायचा आणि नोटपॅडमध्ये आकड्यापुढे नाव लिहायचं. जे आपल्याला माहीत नाही त्यापुढे 'आक्काला विचारणे'.

आता यासाठी बरं यंत्र हवं. बाबांचा डेस्कटॉप २०१४ सालचा. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार हे जाहीर झालेलं होतं, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, ती त्या म्हाताऱ्याकडे नव्हती. म्हणून २०२५ च्या जुलैत मी नवा लॅपटॉप घेतला आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर तो बाबांसाठी सजवला. सजवला हाच शब्द बरोबर आहे. मोठी अक्षरं, मराठी फोनेटिक कीबोर्ड, सोबत आलेला अँटिव्हायरसचा नमुना काढून टाकला, डेस्कटॉपवर फक्त पाच चिन्हं. अकराशे फोटो आणि कॅसेटची फाइल क्लाउडवर चढवून लॅपटॉपला जोडली. फोल्डर उघडला की सगळे फोटो ओळीने हजर. दहा-बारा उघडून पाहिले. झकास. ऑगस्टमध्ये सुट्टीला गेलो तेव्हा तो बाबांच्या हाती दिला, देवघराशेजारच्या खोलीत टेबल लावून दिलं आणि दोन आठवड्यांनी परत आलो.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोन. "फोटो अडकतोय."

"अडकतोय म्हणजे?"

"उघडतच नाही. गोल फिरत राहतो. पेंटचंही तसंच. मग सगळं पांढरं होतं आणि प्रतिसाद नाही असं काहीतरी इंग्रजीत येतं."

नवाकोरा लॅपटॉप, आणि त्यातली कंपनीकडूनच आलेली साधी सॉफ्टवेअर गोठतायत. बाहेरचं काहीच घातलेलं नाही. माझ्यातला कन्सल्टंट जागा झाला. शनिवारी इकडे दुपारचे तीन म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसात, असा मुहूर्त धरून मी क्विक असिस्टने, म्हणजे विंडोजमधल्याच लांबून मदत करायच्या सोयीने, बाबांच्या पडद्यावर शिरलो. आपल्यापैकी निम्म्या घरांत शनिवारी दुपारी हेच चाललेलं असतं, त्यामुळे "बाबा, तो सहा अक्षरांचा कोड टाका, नाही, मोबाइलमध्ये नाही, लॅपटॉपमध्ये" हा संवाद सविस्तर लिहीत नाही.

मग मी काय काय केलं ते ऐका. फोटोचं ॲप सेटिंग्जमध्ये जाऊन 'दुरुस्त' केलं. मग 'रिसेट' केलं. स्टोअरची साठवण डब्ल्यूएसरिसेटने साफ केली. एसएफसी स्कॅननाऊ चालवून विंडोजच्या मूळ फाइल तपासल्या, सगळ्या ठणठणीत निघाल्या. त्यावर डिझमची रिस्टोअरहेल्थ आज्ञा दिली. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा घातला. प्रत्येक उपचारानंतर मी एखादा फोटो उघडून बघत असे, आणि थोडा वेळ घेऊन तो उघडत असे. पुन्हा उघडला तर ताबडतोब. "बघा बाबा, झालं!" मी म्हणायचो. बाबा म्हणायचे, "हो, आत्ता झालं खरं."

सोमवारी पुन्हा तेच.

पुढच्या शनिवारी मी ब्रह्मास्त्र काढलं. व्हिडिओ कॉलवर बाबांकडून एकेक बटण दाबून घेत लॅपटॉप पूर्ण पुसला आणि विंडोज नव्याने बसवलं. पाच तास गेले. बाबांच्या जेवणाची वेळ टळली, त्यांनी मध्ये उठून दूध-पोळी खाल्ली. आणि त्यानंतर काय झालं असेल? पूर्वी जे दहा-बारा फोटो बिनतक्रार उघडत होते, तेही उघडेनात.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी माझ्या धंद्यात जे कधी करत नाही ते केलं. त्या आठवड्यात एका क्लायंटकडे मोठं स्थलांतर होतं, तीन रात्री धड झोप नव्हती, वगैरे सबबी आहेतच. बाबा म्हणाले, "अजून अडकतंय रे." मी म्हणालो, "बाबा, मी सगळं तपासलंय. नवीन करून दिलंय. तुम्ही नक्की काहीतरी दाबताय. काय दाबता ते आठवून सांगा, नाहीतर मी इथून काय करू?"

पलीकडे जरा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "असेल. दाबलं असेल काहीतरी."

त्यानंतर लॅपटॉपची तक्रार आली नाही. मी आपला खुशीत. "लॅपटॉप कसा चाललाय?" "ठीक आहे." "नावं लिहिताय ना?" "चाललंय हळूहळू." दिवाळीत फोन झाला, भाऊबिजेला सांगलीला जाऊन आलो म्हणाले. एस.टी.ला गर्दी होती म्हणाले. आक्का बरी आहे म्हणाले. नोव्हेंबरमध्ये आक्का घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तेव्हाचे फोन त्याच विषयाचे.

डिसेंबरच्या विसाव्या तारखेला मी एकटाच कराडला पोचलो. लेकीचं परीक्षेचं वर्ष, म्हणून ती आणि तिची आई रेडिंगलाच राहिल्या. पहिल्या रात्री अडीच वाजता टक्क जाग आली, जशी आपल्या सगळ्यांना येते. लॅपटॉपवर धुळीचं फडकं घातलेलं होतं. शेजारी एक लांबट वही. पुठ्ठ्यावर बाबांच्या सरळ, छापल्यासारख्या अक्षरात: 'लॅपटॉप. दोष नोंद.' आत पट्टीने आखलेले रकाने. तारीख, वेळ, काय करत होतो, काय झाले, काय केले, कारण. शेवटचा 'कारण' हा रकाना पानभर कोरा.

एकेचाळीस नोंदी होत्या. काही इथे देतो, जशाच्या तशा.

'२ सप्टें. सायं. ७.१५. फोटो क्र. ४०. गोल फिरतो. १५ मि. वाट पाहिली. बंद केले.'

'३ सप्टें. सकाळी ६.१०. तोच क्र. ४०. दीड मिनिटात उघडला. ६.२५ ला पुन्हा उघडला, लगेच.'

'५ सप्टें. सायं. ७.३०. क्र. ४० लगेच. क्र. ४१ अडकला. पेंटमध्येही ४१ अडकतो. गणकयंत्र, नोटपॅड, घड्याळ यांत दोष नाही.'

'१३ सप्टें. चि. ने लांबून पाहिले. त्याच्यासमोर चालले.'

'२० सप्टें. चि. ने सर्व पुसून नव्याने बसवले. ५ तास. आता क्र. १ ते १२ सुद्धा अडकतात, जे पूर्वी कधी अडकले नव्हते.'

'२७ सप्टें. चि. म्हणाला मी काही दाबतो. आठवून पाहिले. आठवत नाही.'

'९ ऑक्टो. रात्री ९.४०. हिची कॅसेट. फिरत राहिले. ११ वाजता बंद केले.'

'२३ ऑक्टो. सांगली, आक्काकडे. ११ ते २. एकही फोटो उघडला नाही. आक्का म्हणाली राहू दे, तू जेवून घे.'

मी ती नोंद दोनदा वाचली आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. आक्काकडे इंटरनेट नाही. कधीच नव्हतं.

ज्यांना यातलं काही कळलं नाही त्यांच्यासाठी थोडं थांबतो, कारण हे तुमच्या घरीही होऊ शकतं. क्लाउडला जोडलेल्या फोल्डरमध्ये तुम्हाला फाइल दिसते, तिचं नाव दिसतं, छोटं चित्रही दिसतं. पण नव्या लॅपटॉपवर ती खरी तिथे नसते. नुसती पाटी असते. दुकानाच्या काचेत रिकामा खोका मांडून ठेवतात ना, तसं. तुम्ही ती उघडली की त्या क्षणी खरी फाइल इंटरनेटवरून खाली उतरू लागते आणि ती उतरेपर्यंत बिचारं फोटोचं ॲप तोंड उघडून बसून राहतं. तेच 'गोठणं'. एकदा उतरली की ती लॅपटॉपवर राहते, म्हणून दुसऱ्यांदा लगेच उघडते. फाइलच्या नावाशेजारी निळ्या रेघेचा बारीकसा ढग असेल तर ती फक्त पाटी. हिरवी खूण असेल तर माल घरात आहे.

आता हिशोब करा. एक फोटो ६० एमबी, म्हणजे ४८० मेगाबिट. बाबांचा राउटर पुढच्या खोलीत, मध्ये दोन जाडजूड भिंती, आणि संध्याकाळी सगळी गल्ली मालिका बघायला बसली की त्या टेबलापाशी वेग दोन एमबीपीएस. मी मोजला. म्हणजे एका फोटोला चार मिनिटं, तीही लाइन मध्ये तुटली नाही तर. बाबा दोन मिनिटांनी पुन्हा क्लिक करायचे, मग दुसरा उघडून बघायचे, की झाले एकावर एक चार फोटो रांगेत. कॅसेट तर मी न दाबलेल्या वेव्ह स्वरूपात ठेवली होती, मिनिटाला दहा एमबी. पंचेचाळीस मिनिटांची एक बाजू साडेचारशे एमबीच्या वर. आणि ही सगळी मांडणी कुणी केली? रेडिंगच्या वेगवान लाइनवर बसून, दहा-बारा फोटो उघडून 'झकास' म्हणणाऱ्याने.

सगळ्यात गंमत, खरं तर गंमत म्हणवत नाही, ती वेगळीच. मी जेव्हा जेव्हा लांबून तपासत होतो, तेव्हा इंटरनेट चालू असणं भागच होतं. नाहीतर मी शिरणार कुठून? म्हणजे दोष ज्या वेळी सगळ्यात स्पष्ट दिसला असता, त्या वेळी मी तिथे असूच शकत नव्हतो. मी उघडून बघितलेला फोटो खाली उतरायचा आणि कायमचा बरा व्हायचा. बाकीचे एक हजार तसेच. मी पुसून नवं बसवलं तेव्हा उतरलेले थोडेबहुतही गेले. एसएफसी, डिझम, ड्रायव्हर, सगळं जिथल्या तिथे निरोगी होतं आणि तशी ग्वाही देत होतं. गणकयंत्र अडकत नाही, कारण त्याला कुठली फाइलच लागत नाही. ५ सप्टेंबरच्या नोंदीत हे सगळं लिहिलेलं आहे. त्या दिवशी "काय काय अडकतं आणि काय अडकत नाही?" एवढं विचारलं असतं तर मामला तिथे मिटला असता. हाच प्रश्न आधी विचारा म्हणून मी ऑफिसातल्या नव्या पोरांना ऐकवत असतो, आणि त्या कामाचे क्लायंटकडून दिवसाच्या हिशोबाने पैसे घेतो.

दुरुस्ती सोपी होती. सकाळ होताच रेडिंगला फोन केला. तिकडे मध्यरात्र उलटलेली, पण चौदा वर्षांची लेक सुट्टीत जागी असणारच. तिने घरच्या यंत्रावर सगळ्या टिफ फोटोंच्या जेपेग प्रती काढल्या. एकेक प्रत तीन एमबीच्या आसपास, बघायला आणि नावं लिहायला हवी तेवढी स्वच्छ. मूळ प्रती राहिल्या आमच्याकडे. "डॅडा, यू कुड हॅव जस्ट डन धिस फर्स्ट," ती म्हणाली. खरं होतं. कॅसेटही दाबून लहान केली. इकडे मी फोल्डरवर उजवं क्लिक करून 'कायम याच यंत्रावर ठेवा' हा पर्याय निवडला आणि सगळ्या निळ्या ढगांच्या भरीव हिरव्या खुणा होईपर्यंत लॅपटॉप राउटरशेजारी ठेवला. मग वायफाय बंद केलं आणि बाबांना म्हणालो, "आता उघडा."

त्यांनी क्रमांक ४१ उघडला. उघडला. ४२. उघडला. पंचवीस-तीस फोटो त्यांनी भराभर उघडले, फीडर एकेक करून चढवावेत तसे, आणि प्रत्येक वेळी थोडं थांबून. मग मला म्हणाले, "हे इंटरनेट बंद असताना?" मी हो म्हणालो. "म्हणजे सांगलीला चालेल."

२७ डिसेंबरला आम्ही गाडी करून सांगलीला गेलो. आक्का-आत्या पलंगावर होती, पाठीशी दोन उशा. ऑपरेशननंतर ती बारीक झालेली, आणि आतेभावाने दारातच सांगितलं की सकाळी बरी असते, दुपारनंतर माणसांची सरमिसळ होते. आम्ही साडेदहाला सुरू केलं. बाबांनी लॅपटॉप तिच्या मांडीवर उशीवर ठेवला आणि 'आक्काला विचारणे' असे लिहिलेले फोटो एकामागून एक काढले. तिने चष्मा पुसला. "ही वाईची मावशी. हिला मूल नव्हतं. हा तिचा दीर, फार तापट." "हे घर नव्हे, हे शेजाऱ्यांचं अंगण, फोटोवाला उजेड पाहिजे म्हणाला म्हणून तिकडे उभं केलं." नाव एक विचारावं तर ती सोबत तीन गोष्टी सांगायची. बाबा एका बोटाने जमेल तेवढं टिपून घेत होते. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं, हे मला निदान सुचलं.

बारा वाजेपर्यंत चौतीस नावं झाली. मग १९५८ च्या आसपासचा एक लग्नातला फोटो आला. मांडवाच्या कडेला, सगळ्यांपासून हातभर लांब, एक तरुण बाई उभी आहे. डोईवरून पदर, हातात पाण्याचा तांब्या, ओठांवर हसू आल्यासारखं. बाबांनी तिच्या डोक्यावर ९ हा आकडा टाकलेला. आत्याने बराच वेळ बघितलं. "ही..." म्हणाली. आम्ही थांबलो. "ही आपल्याकडे यायची," ती म्हणाली. "तुला कडेवर घेऊन फिरवायची. काय बरं..." मग ती फोटोकडे बघायची सोडून खिडकीबाहेर बघायला लागली, आणि जरा वेळाने तिने मला विचारलं, "तू कुणाचा रे?"

आतेभावाने खूण केली. आम्ही लॅपटॉप मिटला.

परतताना अर्धा रस्ता कुणी काही बोललं नाही. मग मी विचारलं, "बाबा, भाऊबिजेला तिने ओळखलं असतं का हो?"

बाबांनी लगेच उत्तर दिलं नाही. खोटं समाधान द्यायची त्यांना सवय नाही. "सांगता येत नाही," ते म्हणाले. "तेव्हा ती बरी होती. पण सांगता येत नाही."

मग मी म्हणालो की दोष लॅपटॉपचा नव्हता, त्यांनी काही दाबलंही नव्हतं, मांडणी माझी चुकली होती, आणि मी फोनवर तसं बोलायला नको होतं. हे वाक्य मी कराडपासून मनात जुळवत आलो होतो, तरी बोलताना ते सगळं एकात एक गेलं. बाबा समोर रस्त्याकडे बघत होते. "वही बघितलीस वाटतं," एवढंच म्हणाले.

घरी पोचल्यावर हातपाय धुऊन त्यांनी वही टेबलावर उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. "कारणाचा रकाना रिकामा आहे. मला माहीत नव्हतं म्हणून सोडला होता. तुला कळलंय तर भर."

मी पहिल्या नोंदीपुढे लिहिलं: 'चुकीची मांडणी.' आणि खाली एकेचाळीसाव्या नोंदीपर्यंत 'वरीलप्रमाणे'च्या दोन टिंबांच्या खुणा करत गेलो.

बाबांनी चष्मा लावून पान तपासलं. "असं नाही चालत," ते म्हणाले. "प्रत्येकापुढे वेगळं लिही. कुणी केली, कधी केली, ते लिही. आणि २७ सप्टेंबरच्या पुढे नीट लिही. चहा टाकतो तोवर."